द्राक्षसंशोधनातील अग्रक्रम : परिभाषेच्या अंगाने एक परीक्षण

१

महाराष्ट्रातील द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटली जाते आणि तिच्यापासून पीक मात्र एकदाच घेतले जाते. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या पहिल्या छाटणीने वेलीवर नव्या काड्या येतात. ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या दुसऱ्या छाटणीने त्या काड्यांवरील डोळे फुटून घड बाहेर पडतात. आणि जानेवारी ते एप्रिल या काळात फळांची काढणी होते. फ्रान्स, इटली वा कॅलिफोर्निया येथील वेल हिवाळ्यात पाने झाडून झोपी जाते आणि वसंतात एकदाच जागी होते. दख्खनच्या पठारावर तिला ही झोप मिळत नाही. जी विश्रांती तेथे थंडी देते, तिच्या जागी येथे माणसाची कात्री उभी राहते. इतकी एक गोष्ट ध्यानात घेतली तरी पुरे आहे की, समशीतोष्ण देशांत सिद्ध झालेले द्राक्षशास्त्र या प्रदेशात जसेच्या तसे लागू पडणारे नाही आणि येथील संशोधनाचे अग्रक्रम येथेच ठरविले गेले पाहिजेत.

हे अग्रक्रम कोणते असावेत, हा प्रश्न सामान्यतः उद्यानविद्या, वनस्पतिरोगशास्त्र आणि कृषि-अर्थशास्त्र यांच्या कक्षेतील मानला जातो. परंतु कोणत्याही विद्येत कशाला प्रश्न म्हणावयाचे आणि कशाला उत्तर, हे बऱ्याच अंशी तिच्या परिभाषेत आधीच ठरून गेलेले असते. ज्या गोष्टीला नाव आहे तिच्यावर प्रकल्प निघतो. जिला नाव नाही, किंवा जिचे नाव दिशाभूल करणारे आहे, ती मागे राहते. मराठीतील द्राक्षविषयक लेखन विपुल आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि संघाच्या ‘द्राक्षवृत्त’ या मुखपत्राने बागायतदारांना वाचनाची सवय लावली. योगायोग असा की, राज्याच्या भाषा संचालनालयाची स्थापनाही १९६० मधलीच. एका संस्थेने पिकाची चिंता वाहिली, दुसरीने परिभाषेची. या दोन प्रवाहांचा संगम व्हावा तितका झाला नाही, आणि त्याचे परिणाम संशोधनाच्या दिशेवर उमटलेले दिसतात. त्या परिणामांचे परीक्षण येथे अभिप्रेत आहे.

२

प्रथम बागायतदारांची स्वतःची भाषा पाहू. एप्रिल छाटणीला ‘खरड छाटणी’ आणि ऑक्टोबर छाटणीला ‘गोडी छाटणी’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पहिल्या नावात क्रिया आहे, दुसऱ्यात फळ आहे. उलट ‘एप्रिल’ व ‘ऑक्टोबर’ या नावांत केवळ पंचांग आहे, आणि तेही फसवे. बागलाणच्या पट्ट्यात लवकर माल आणण्यासाठी फळछाटणी पावसाळ्यातच उरकणारे बागायतदार आहेत. अन्यत्र ती नोव्हेंबरपर्यंत लांबते. तरीही या सर्वांना ‘ऑक्टोबर छाटणी’ हेच नाव लावले जाते.

प्रत्यक्षात बागायतदार महिन्यांवर विसंबून राहतच नाही. ‘बाग किती दिवसांची?’ हा दोन बागायतदारांच्या भेटीतील पहिला प्रश्न असतो आणि ‘चाळीस दिवसांची’ असे त्याचे उत्तर असते. वेल पंधरा वर्षांची असली तरी बाग चाळीस दिवसांची! छाटणी हा तिचा जन्म आणि प्रत्येक काम त्या जन्मापासून मोजावयाचे, अशी ही कालगणना आहे. ती पंचांगापेक्षा शास्त्राला अधिक जवळची आहे. मात्र तिलाही मर्यादा आहे. वेलीची वाढ दिवसांवर नव्हे, तर उष्णतेवर आणि प्रकाशावर चालते. थंडी वाढली की चाळीस दिवसांची बाग तिसाव्या दिवशीच्या अवस्थेत अडून बसते. म्हणूनच अनुभवी बागायतदार दिवसांच्या जोडीने अवस्थांची नावे वापरतो आणि ही नावे विलक्षण नेमकी आहेत. डोळ्यावरील खवले सुटून आतील लव दिसू लागली की डोळे ‘कापसले’. गुंडाळलेली कोवळी पाने बाहेर डोकावली की ‘पोंगा’ आला. आणि मणी कडकपणा सोडून मऊ पडू लागला की ‘पाणी उतरले’.

यांतील शेवटचा शब्दप्रयोग विशेष लक्षणीय आहे. या अवस्थेसाठी जगभरच्या द्राक्षशास्त्रात ‘वेरेझाँ’ ही फ्रेंच संज्ञा रूढ आहे आणि तिचा रोख रंग पालटण्यावर आहे. काळ्या व तांबड्या द्राक्षांच्या प्रदेशात ते साहजिक होते. परंतु महाराष्ट्रातील बहुसंख्य बागा थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निघालेल्या हिरव्या-पांढऱ्या वाणांच्या आहेत. त्यांत रंगाचा पालट डोळ्यांस ठळकपणे जाणवत नाही. बोटांना जाणवतो तो मऊपणा. मराठी शब्दप्रयोगाने रंग सोडून स्पर्श धरला, यात निरीक्षणाची स्वतंत्रता आहे. याच सुमारास मण्यात साखर साठू लागते आणि पाण्याचे नियोजन बदलावे लागते. ‘पाणी उतरणे’ हा म्हणून केवळ ग्रामीण शब्द नव्हे; स्थानिक द्राक्षशास्त्राचे ते एक प्रमेय आहे. अशा शब्दांची पद्धतशीर नोंद करणे आणि त्यांतील निरीक्षण प्रयोगाने तपासून पाहणे, हे संशोधनाचे काम मानले गेले पाहिजे. आजवर ते विस्तारकार्याच्या सोयीपुरते मानले गेले आहे.

३

तथापि लोकभाषा नेहमीच बरोबर असते, असा भाबडा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. तिच्यातील काही रूपके दिशाभूल करतात, आणि ती दिशाभूल बागायतदाराला खर्चात टाकते.

काडीवरील डोळ्यांत पुढील हंगामाचे घड सूक्ष्म रूपाने तयार होतात. ही क्रिया एप्रिल छाटणीनंतर साधारणपणे सहाव्या-सातव्या आठवड्यापासून आकार घेऊ लागते. मराठीत तिला ‘गर्भधारणा’ म्हणतात; ज्या फुटीवर घड येत नाही तिला ‘वांझ’ म्हणतात. रूपक सहज सुचणारे आहे; पण गर्भधारणा ही एका क्षणी घडणारी घटना, तर घडनिर्मिती ही अनेक आठवडे चालणारी आणि मागे फिरू शकणारी प्रक्रिया. डोळ्यातील आद्य अंकुर घड होईल की बाळी होईल, हे सुरुवातीस निश्चित नसते. सायटोकायनिन वर्गातील द्रव्यांचे प्राबल्य त्याला घडाकडे नेते, तर जिबरेलिनचे प्राबल्य बाळीकडे. काडीवर पुरेसे ऊन पडणे, दाटी करणाऱ्या फुटी वेळीच काढणे, पाणी आणि नत्र आवरते ठेवणे यांवर हा कल अवलंबून असतो. परंतु ‘गर्भधारणा’ म्हटले की ती ‘घडवून आणणाऱ्या’ एखाद्या फवारणीचा विचार प्रथम मनात येतो. मांडवाखाली ऊन शिरते की नाही, हे पाहण्याचे काम मग दुय्यम ठरते. रूपकाने येथे शेतीच्या कामाचे रूपांतर औषधाच्या मात्रेत केले आहे.

‘घड जिरणे’ या शब्दाचीही हीच कथा. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा राहिली, पाऊस झाला वा नत्र अधिक झाले, तर बाहेर पडू पाहणारा कोवळा घड आकसतो आणि त्याची बाळी बनते. ‘जिरला’ हे वर्णन अचूक आहे. पण ते घटनेला ऑक्टोबरात बांधून ठेवते. त्या घडाचे दुबळेपण अनेकदा मे-जून महिन्यांत, काडीवर सावली असताना, ठरून गेलेले असते. परिणाम जेथे दिसतो तेथेच कारण शोधण्याची सवय शब्दाने लावली आहे.

रोगांची नावे पाहिली तर आणखी एक प्रवृत्ती दिसते. ‘भुरी’ हे नाव पानावरील भुरकट थरावरून, ‘करपा’ हे करपल्यासारख्या डागांवरून आले. ही दर्शनी नावे होत. ‘करपा’ भातावरही असतो, टोमॅटोवरही असतो आणि द्राक्षावरही. प्रत्येक ठिकाणी रोगकारक निराळा असतो. द्राक्षातच बुरशीने होणारा आणि जिवाणूने होणारा असे दोन करपे सांगावे लागतात. एकाचे औषध दुसऱ्यावर चालत नाही, परंतु नाव एक असल्याने दुकानातून एकच बाटली घरी येते. डाऊनी मिल्ड्यूसाठी पुस्तकांत ‘केवडा’ हा शब्द आहे. बागेत मात्र ‘डाऊनी’ आणि त्याहूनही घरगुती असे ‘डावण्या’ हे रूप चालते. डाळिंबाचा तेल्या, लिंबूवर्गीयांचा डिंक्या, तसा द्राक्षाचा डावण्या! परकी संज्ञा मराठी प्रत्ययाच्या साच्यात अशी बसली की ती परकी राहत नाही. परिभाषा घडविणाऱ्यांनी येथे ‘केवड्या’चा आग्रह धरण्यात अर्थ नाही. शब्द संस्कृत की इंग्रजी, हा मुद्दा गौण होय. तो शब्द रोगकारकाचा भेद दाखवितो की झाकतो, हा मुद्दा मुख्य होय.

४

आता संशोधनाच्या अग्रक्रमांचा इतिहास पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात चीमा यांच्या काळी द्राक्षांवर काम झाले. ‘चीमा साहेबी’ हा वाण त्या परंपरेचे स्मरण देतो. पुढे बिनबियांच्या थॉमसनने भोकरीसारख्या जुन्या वाणांना मागे सारले. थॉमसनचा मणी मूळचा लहान. जिबरेलिक आम्लाने तो लांब व मोठा होतो, हे कळल्यावर साऱ्या बागायतीचे लक्ष मण्याच्या आकाराकडे वळले. यानंतर ज्या वाणांनी महाराष्ट्राची द्राक्षशेती व्यापली, त्यांतील अनेक प्रयोगशाळेत जन्मले नाहीत. तासगाव भागात ‘तास-ए-गणेश’, सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथील काळे यांच्या बागेत ‘सोनाका’, त्याच जिल्ह्यात ‘माणिक चमन’ हे वाण थॉमसनच्या बागेत अचानक वेगळ्या दिसलेल्या काड्यांतून बागायतदारांनी निवडले. निवडीची ही दृष्टी असामान्य होती. पण तिची कसोटी एकच होती: मणी लांब, मोठा, देखणा.

१९९० च्या सुमारास अवर्षण आणि क्षारयुक्त पाणी यांनी बागा वाळू लागल्या, तेव्हा स्वतःच्या मुळांवरील वेली सोडून ‘डॉगरिज’ या खुंटावर कलमे बांधण्याची पद्धत रूढ झाली. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश आढळल्याने निर्यात अडचणीत आली. त्यातून अंशतपासणीची राष्ट्रीय योजना उभी राहिली आणि २००६ मध्ये अपेडाने ‘ग्रेपनेट’ ही बागनोंदणीची व मागोवा घेण्याची व्यवस्था सुरू केली. २०१० मध्ये ‘क्लोरमेक्वाट क्लोराइड’ या द्रव्याचे अंश सापडून युरोपात माल पुन्हा अडकला. तपासणीच्या यादीत त्या द्रव्याचे नाव त्यापूर्वी नव्हते.

या इतिहासाचे समीक्षण करताना प्रथम श्रेय दिले पाहिजे. अंशतपासणीची जी यंत्रणा येथे उभी राहिली, ती भारतातील इतर फळपिकांना आदर्श ठरली. खुंटाच्या तंत्राने हजारो बागा तगल्या. परंतु समग्र पाहता असे दिसते की, प्रत्येक टप्प्यावर संशोधनाने आपला क्रम स्वतः ठरविला नाही. संकटाने तो ठरवून दिला. बाजाराने मणी मोठा मागितला, संशोधन मण्याच्या मागे गेले. पाणी आटले, संशोधन मुळांकडे वळले. परदेशी बंदरात माल अडला, संशोधन प्रयोगशाळेतील सूक्ष्म तपासणीकडे धावले. जे संकट दाराशी येऊन ओरडत नाही, त्याला या क्रमात जागा मिळाली नाही.

ही प्रवृत्ती एका विशेषणात साठून राहिली आहे. ते विशेषण म्हणजे ‘निर्यातक्षम’. मराठी द्राक्षलेखनात उत्तम द्राक्षाला आज दुसरे नाव उरलेले नाही. घडाची बांधणी, मण्याचा १६ ते १८ मिलिमीटर व्यास, साखरेचे प्रमाण, अंशांची मर्यादा, ही सारी मापे त्या एका शब्दात येतात आणि ती सर्व दूरच्या ग्राहकाने घालून दिलेली आहेत. प्रत्यक्षात २०२३–२४ या वर्षी देशातून निर्यात झालेली द्राक्षे साडेतीन लाख टनांच्या आत होती, आणि देशाचे एकूण उत्पादन तीस लाख टनांहून अधिक असते. म्हणजे दहांतील नऊ घड देशातच खाल्ले जातात, वाळवून बेदाणा होतात किंवा रस व मद्यासाठी जातात. या नऊ घडांसाठी ‘निर्यातक्षम’च्या तोडीचा शब्द मराठीत नाही. ‘लोकल माल’ हा जो शब्द आहे, त्याच्यात उणेपणाची छटा आहे. युरोपातील मुलाच्या ताटात पडणारा मणी तपासून जातो आणि निफाडच्या आठवडे बाजारातील मणी तसाच विकला जातो, या विषमतेचे मूळ धोरणात आहे हे खरे. परंतु ती विषमता सहज पचनी पडते, याचे एक कारण हा शब्दच आहे.

५

२०१० च्या प्रसंगाकडे परिभाषेच्या दृष्टीने पुन्हा पाहणे उद्बोधक ठरेल. क्लोरमेक्वाट हे कीड वा बुरशी मारणारे द्रव्य नव्हे. ते फुटींची वाढ रोखते. मराठी कृषिलेखनात वाढीवर परिणाम करणाऱ्या सर्व द्रव्यांना ‘संजीवके’ म्हणण्याची रूढी आहे. जिबरेलिक आम्ल वाढ वाढविते, तेही संजीवक. क्लोरमेक्वाट वाढ थोपविते, तेही संजीवक. ज्या शब्दाच्या पोटात मृतास जिवंत करणाऱ्या विद्येची स्मृती आहे, तो शब्द एका वाढरोधक रसायनाला लावला गेला. त्यामुळेच ती आपत्ती ओढवली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. यादीत नाव नसणे हे तिचे प्रत्यक्ष कारण होते. परंतु ‘विषारी अंश’ म्हटल्यावर बागायतदाराच्या डोळ्यांपुढे कीडनाशके येत, संजीवके येत नसत, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला दुर्लक्षिता येणार नाही. हीच गत ‘टॉनिक’ या शब्दाची. त्या एका नावाखाली समुद्रशैवालाचा अर्क, अमिनो आम्ले, सूक्ष्मद्रव्ये आणि कधी घटक न सांगितलेली मिश्रणेही विकली जातात.

सर्वांत व्यापक आणि सर्वांत घातक शब्द ‘औषध’ हा होय. फवारणीला मराठीत ‘औषध मारणे’ म्हणतात. वेलीच्या बाजूने पाहता ते औषध असेल. फवारणाऱ्याच्या बाजूने ते विष आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा हा भेद महाराष्ट्राला फार मोठी किंमत देऊन कळला. कापसाच्या तुलनेत द्राक्षावरील फवारण्यांची संख्या कितीतरी अधिक असते. पावसाळी हवेत डाऊनीच्या धाकाने दिवसाआड, प्रसंगी रोजही, फवारणी करणारे बागायतदार आहेत.

येथे द्राक्षशेतीतील मजुरांचा प्रश्न पुढे येतो. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील बागांत छाटणी, फेलफुटी काढणे, घडांची विरळणी, घड द्रावणात बुडविणे ही कामे सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांतून आणि सीमेपलीकडील डांग भागातून येणाऱ्या टोळ्या उक्त्या पद्धतीने करतात. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो. विरळणीच्या वेळी मान वर, हात वर, डोळे घडावर, अशा स्थितीत दिवस जातो. द्रावण बोटांवरून कोपरापर्यंत ओघळते. या लोकांची घरची भाषा कोकणा, वारली, डांगी अशा बोलींपैकी असते. कीटकनाशके अधिनियम १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांनी डब्यावर सूचना व सोबत प्रादेशिक भाषांतील पत्रक देणे बंधनकारक केले. विषाच्या तीव्रतेसाठी लाल, पिवळा, निळा आणि हिरवा असे रंग ठरवून दिले. परंतु पत्रकातील मराठी ही बारीक अक्षरांतील, इंग्रजी वाक्यरचनेला शब्दशः बांधलेली मराठी असते. ती बागायतदारालाच नीट उलगडत नाही; मग जो मजूर ती भाषा घरी बोलत नाही, त्याला कशी उलगडणार? शिवाय डबा उघडला जातो तेव्हा तो मजूर तेथे नसतो. त्याच्यापर्यंत पोहोचते ते टाकीत मिसळलेले पाणी, आणि पाण्यावर कसलेच लेबल नसते.

द्राक्षविषयक परिभाषेत मजुरासाठी जो शब्द आहे तो ‘मजुरी’ हा. आणि तो खर्चाच्या रकान्यात येतो. त्याचे हात, त्याची त्वचा, त्याचा श्वास यांसाठी तेथे शब्द नाही. म्हणून त्यांवर पुरेसे संशोधनही नाही.

६

या परीक्षणावर एक सबळ आक्षेप घेता येईल. संशोधनाचे अग्रक्रम निधीने ठरतात, शब्दांनी नव्हे. निर्यातीतून परकीय चलन येते म्हणून तिकडे निधी जातो. शब्द मागाहून येतात. हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य केला पाहिजे. शब्द बदलल्याने डाऊनी हटत नाही आणि भूजल वाढत नाही. परंतु निधीची मागणी शेवटी शब्दांतच करावी लागते, आणि ज्याची नेमकी संज्ञा तयार आहे त्याच मागणीला यश मिळते. ‘अंश’ मोजता येतात, त्यांना एकक आहे, मर्यादा आहे, म्हणून त्यांची प्रयोगशाळा झाली. ‘मांडवाखालील ऊन’, ‘विरळणी करणाऱ्या बाईची मान’, ‘गावच्या बाजारातला मणी’ यांची एकके अद्याप ठरलेली नाहीत. ती ठरविणे हे शास्त्रज्ञ आणि भाषाभ्यासक यांचे संयुक्त काम आहे.

या दृष्टीने विचार करता अग्रक्रमांची मांडणी निराळी व्हावी असे दिसते. पहिले स्थान रोगप्रतिकारक वाणांच्या निर्मितीला मिळाले पाहिजे. ‘व्हिटिस व्हिनिफेरा’ या जातीला डाऊनीचा अंगभूत प्रतिकार जवळजवळ नाही. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की काय होते, हे २००९ च्या नोव्हेंबरने दाखवून दिले. आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी वंशाच्या ‘कटावबा’ आणि ‘ब्यूटी सीडलेस’ यांच्या संकरातून काढलेला ‘एआरआय–५१६’, किंवा मांजरीच्या केंद्राचा रसासाठीचा ‘मांजरी मेडिका’, हे प्रयत्न येथे संकरकार्य होऊ शकते याची साक्ष देतात. पण ते खाण्याच्या मुख्य द्राक्षाची जागा घेऊ शकलेले नाहीत. द्राक्षाचा नवा वाण सिद्ध होण्यास दशकांचा काळ लागतो आणि प्रकल्प तीन वा पाच वर्षांचे असतात. या विसंगतीमुळे आता परदेशी कंपन्यांचे स्वामित्वशुल्काचे वाण ही पोकळी भरू लागले आहेत. ते देखणे आहेत यात शंका नाही. पण ज्या बागायतदारांनी सोनाका आणि माणिक चमन स्वतःच्या बागेत ओळखले, त्यांना आता वेगळी दिसलेली काडी शेजाऱ्याला देण्याचीही मोकळीक राहणार नाही. ‘निवड’ या शब्दाचा अर्थच त्यामुळे पालटतो.

दुसरे स्थान माती आणि पाणी यांचे. एकाच खुंटावर जवळजवळ साऱ्या प्रदेशाने विसंबून राहणे हे धोक्याचे आहे. जमिनीच्या प्रतीनुसार खुंटांची निवड हा कंटाळवाणा, दीर्घ आणि अत्यावश्यक विषय आहे. तिसरे स्थान श्रमांचे: फवारणाऱ्याचे व विरळणी करणाऱ्याचे आरोग्य हा उद्यानविद्येचाच विषय मानला गेला पाहिजे. चौथे स्थान देशी ग्राहकाच्या सुरक्षिततेचे. निर्यातीसाठी उभारलेली तपासणीची विद्या देशातील बाजारापर्यंत आणण्यास आता तांत्रिक अडचण उरलेली नाही.

परिभाषेला या क्रमात वेगळे स्थान देण्याचे कारण नाही; ती या चारही कामांच्या पोटात आहे. तिच्यापुरते तीन उपक्रम हाती घेण्याजोगे आहेत. निफाड, बागलाण, नारायणगाव, तासगाव आणि नान्नज या परिसरांतील द्राक्षशब्दांचा तौलनिक संग्रह व्हावा आणि त्यात बागायतदारांइतकेच मजुरांचे शब्द यावेत. विरळणी करणाऱ्या स्त्रियांनी घडाच्या भागांना दिलेली नावे कोणत्याही कोशापर्यंत अद्याप आलेली नाहीत. दुसरे असे की, रोगांच्या दर्शनी नावांना रोगकारकाचा भेद दाखविणारी जोडविशेषणे ठरवावीत आणि ती दुकान, पत्रक व पाठ्यपुस्तक या तिन्ही ठिकाणी सारखी असावीत. तिसरे, विषारी द्रव्यांच्या सूचना लिहिण्याचे काम अनुवादकावर न सोडता, त्या प्रथम मराठीत आणि संबंधित बोलींत रचाव्यात, वाचून दाखवाव्यात, ऐकणाऱ्याकडून परत सांगवून घ्याव्यात आणि मगच छापाव्यात. भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला यांपैकी कोणताही विषय प्रबंधासाठी अपुरा पडणार नाही.

द्राक्षवेलीला आधाराला मांडव लागतो आणि मांडव कसा बांधला यावर काडीला ऊन मिळेल की नाही हे ठरते. परिभाषेचे विद्येशी असलेले नाते काहीसे असेच आहे. ती पीक देत नाही; पण कोणत्या डोळ्यावर प्रकाश पडावा आणि कोणता सावलीत राहावा, हे तिच्या बांधणीवर अवलंबून असते. महाराष्ट्राच्या द्राक्षविद्येत आजवर परदेशी पेठेकडे तोंड केलेल्या डोळ्यांना ऊन मिळाले. घरच्या ताटाकडे आणि कामकऱ्याच्या हातांकडे तोंड केलेले डोळे अद्याप सावलीत आहेत, आणि घड कोठे येणार हे ऐन हंगामाच्या कितीतरी आधी ठरून जाते.